इझाबायची वही

पहाटे चार दहाला मी व्हॉल्व्हचं झाकण उचलायचो
तेव्हा मरोळ गावठाणात दोनच माणसं जागी.
एक मी, पाणीखात्याचा चावीवाला, राऊळ,
दुसरी शिलाईमशीनवर कोपरं टेकून बसलेली
इझाबेल क्रास्टो.
तिच्यापुढे शंभरपानी वही,
वहीत माझ्याच चावीचा हिशेब:
सोमवार, चार बावीस.
मंगळवार, चार एकतीस, धार बारीक.
बुधवार, आलं नाय. का?
तो 'का' लाल पेन्सिलीने.

वाटलं, बाई तक्रार करणार, नोकरी गेली.
तिने बशीत चहा ओतून दिला.
'राऊळ, तुझी चूक नाय.
पाइप गंजलाय, आणि तुमच्या हापिसातला नकाशाबी.'

मग ती वही काखेत मारून वॉर्ड ऑफिसात.
एकदा नाही, एकोणीसदा.
बाकावर बसल्या बसल्या
कुणाच्या पोरीच्या कम्युनियनच्या झग्याला मणी टाचायची.
साहेब विचारायचे, बाई, तुम्ही कुठल्या पक्षाच्या?
ती म्हणायची, नळाच्या.

विसाव्यांदा पाइप आला.
पाइपामागून माणसं आली:
मौर्याचं रेशनकार्ड,
जन्मदाखल्यावर 'सकीना'ची झालेली 'सखाराम',
आणि कोंडाबाई, जिवंत असल्याचा पुरावा मागत.
मशीनच्या एका बाजूला ब्लाऊज, दुसऱ्या बाजूला अर्ज,
कधी अर्जाला टीप बसायची, कधी ब्लाऊजला टाचणी.

प्रभागाची चिठ्ठी महिलेची निघाली
तेव्हा हार घेऊन तीन पक्ष दारात.
तिने हार ठेवून घेतले, वेदीवर वाहिले,
आणि अपक्ष उभी राहिली.
निशाणी अर्थात शिलाईमशीन.
दोनशे बारा मतांनी.

चौकडीचं लुगडं नेसून सभागृहात गेली,
गावठाणातल्या बोलीत बोलली.
पहिल्या दिवशी हसले.
दुसऱ्या दिवशी तिने वही वाचून दाखवली,
वार, वेळ, धार.

आता ते सांगतो, जे कुणी सांगत नाही.

रस्तारुंदीत नाक्यावरचा क्रूस आला,
प्लेगच्या साली तिच्याच पणजाने बांधलेला.
अकरा फूट मागे घ्यायचा की नाही?
सभागृहात हात वर झाले,
त्यांत तिचा.
त्या नाताळात तिच्या घरी कुणाचे फुगे आले नाहीत.
दोन वर्षं चर्चमध्ये तिच्या बाकावर
ती आणि तिची छत्री.

मी एकदा विचारलं.
बराच वेळ ती सुईत दोरा ओवत राहिली.
'हात वर करताना बाबाचा चेहरा दिसला.
खाली घेतला असता
तर तुझ्या वासंतीचा दिसला असता.'

वासंती माझी बायको.
त्या वळणावर अँब्युलन्स पाऊण तास अडकली होती.
इझाबायने हे ना चर्चमध्ये सांगितलं, ना भाषणात.
मीही नाही. आज पहिल्यांदा.

दोनदा निवडून आली, तिसऱ्यांदा पडली.
समोरच्याने मिक्सर वाटले होते.
निकालाच्या रात्री गेलो, काय बोलावं कळेना.
पाटी काढायला आलेला पेंटर विचारत होता,
'माजी' लिहू का वर, जागा आहे.
ती म्हणाली, राहू दे, काळोख झालाय, पडशील.
मग माझ्याकडे वळली:
'एकसष्ट मतं, राऊळ. म्हणजे पंधरा घरं.
कुठली ते ठाऊक हाय मला.
टेकडीवरची. तिकडे पाणी चढत नाय.'

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
चावी आता एका पोराकडे, शिरसाट त्याचं नाव,
कानात वायर घालून येतो.
परवा म्हणाला, काका, ती खिडकीतली म्हातारी कोण हो,
रोज माझी वेळ लिहिते,
मी घाबरलोय.
मी म्हटलं, चहा देईल. पी.